नदीचा कोरा पट्टा

माझ्या धाकट्या भावाने अठ्ठावीस वर्षं नकाशे काढले आणि त्यातली अकरा वर्षं एका रेल्वेची वाट पाहिली. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने केली. पहिल्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. दुसऱ्याबद्दल मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलेलं आहे, आणि तो "असेन, ताई" म्हणून पेन्सिलीला टोक करत बसलेला आहे.

कचेरीत त्याला फूटपट्टी म्हणत. अंगाने तसाच, स्वभावानेही तसाच. नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या उतरत्या टेबलाशी तो सकाळी दहाला बसायचा आणि सहाला उठायचा. त्याच्या शर्टाच्या बाहीला शाईचा डाग मी कधी पाहिला नाही.

त्याची बायको नदीपलीकडच्या शहरात, तिथल्या पालिकेच्या इस्पितळात परिचारिका. शहरं इतकी जवळ की आमच्या गच्चीतून त्या इस्पितळाचं घड्याळ वाचता येतं. पण पालिकेच्या नोकराने पालिकेच्या हद्दीतच राहायचं, असा आमच्याकडे नियम. त्यांच्याकडेही तोच. दोन शहरांचं आजवर एकमत झालेली ही एकच गोष्ट. त्यामुळे लग्न झाल्यापासून हा माझ्या वरच्या खोलीत आणि ती तिकडे परिचारिकांच्या चाळीत. शनिवारी दुपारी हा जुन्या पायपुलावरून चालत जायचा, सोमवारी पहाटे चालत परत. सतरा वर्षांचा संसार, आठवड्याला दीड दिवस.

मग दोन्ही शहरांना एकत्र रेल्वे बांधायची हुक्की आली. गाडी सुरू झाली की राहण्याचा नियम रद्द, असंही जाहीर झालं. समिती नेमली. अकरा माणसं इकडची, अकरा तिकडची, म्हणजे कुठल्याही मतदानात बरोबरी ठरलेली. हे एखाद्या शाळकरी पोरीलाही कळलं असतं. बावीस शहाण्यांना अकरा वर्षांत कळलं नाही. आमचे बंधुराज मात्र दर वर्षी सांगायचे, "पुढच्या वर्षी मार्ग नक्की होतोय."

एका मंगळवारी भावजय माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मंगळवारी! मी चहा ठेवला आणि गप्प राहिले. मला ते सहसा जमत नाही.

"वन्सं, मला दुसरीकडे बोलावणं आलंय. लहान गाव आहे, रस्त्याने चार तास. मुख्य परिचारिका करतायत. राहायला दोन खोल्या, आणि कोणी कुठे राहायचं याची भानगड नाही."

"मग?"

"ह्यांना विचारलं, येता का. म्हणाले, महिन्याअखेर बैठक आहे, तेवढं थांब."

"आणि तू थांबणार?"

"शेवटचं. मार्ग ठरला तर मी नको म्हणून कळवते. नाही ठरला तर जाते. ते आले तर आले, नाही तर त्यांचं शनिवारचं चालणंही सुटलं." तिने कप विसळून पालथा ठेवला. "चार तासांच्या वाटेवर कुठला पायपूल?"

मी तिची समजूत घातली नाही. काय म्हणून घालायची?

त्या आठवड्यात कचेरीत दोन्ही शहरांचे नकाशे प्रथमच कडेला कड लावून भिंतीवर चिकटवायचे ठरले. त्याआधी अकरा वर्षं प्रत्येकाने आपापला नकाशा आपापल्या भिंतीवर टांगून त्यावर काठी फिरवली होती. संध्याकाळी भाऊ घरी आला तो पांढराफटक.

"ताई, पूल नाही."

"कुठला?"

"रेल्वेचा. आमची हद्द अलीकडच्या काठापर्यंत, त्यांची पलीकडच्या काठापर्यंत. आमचा रूळ काठावर येऊन थांबतो. पुढे बाण, 'शेजारील शहराचा नकाशा पाहावा.' त्यांचाही तसाच, उलट्या दिशेने. मधे चार बोटं कोरा कागद."

"म्हणजे नदी कोणीच काढली नाही?"

"आम्हाला वाटलं, ते काढतील."

"आणि त्यांना वाटलं, तुम्ही." मला हसू आवरेना. मग एकदम राग आला. "अरे, आपला नकाशा काढला कोणी?"

"मीच."

"दर शनिवारी ती नदी पायाने ओलांडतोस. कागदावर ती नाही हे तुला दिसलं नाही?"

तो खरोखरच गोंधळला. "हद्दीपलीकडे शाई लावत नाहीत, ताई."

असं उत्तर द्यायला माणूस अठ्ठावीस वर्षं नोकरीतच मुरावा लागतो.

पण पुढच्या दोन शनिवारी तो मोजपट्टी घेऊन पायपुलावर गेला. दुसरं टोक भावजयीने धरलं. वजन बांधून दोरी पाण्यात सोडली, खोली मोजली, खडक कुठे ते टिपलं. आकडे ती लिहीत होती. आणि त्याने चार बोटं रुंद, हातभर लांब असा पट्टा काढला. त्यात नदी होती, खडक होते, पुराची रेघ होती आणि वर रेल्वेचा पूल. मला नकाशातलं ओ की ठो कळत नाही, पण ते काम सुरेख होतं.

बैठकीला मी गेले. नागरिकांसाठी मागे एक बाक होता आणि त्यावर मी एकटी नागरिक. दोन शहरांची दोन टेबलं समोर जोडली होती, मधे वीतभर फट ठेवून. अध्यक्ष दोन, घंटा दोन. भावाने उठून भिंतीवरच्या दोन नकाशांच्या मधे पट्टा लावला. तो केसभरही इकडेतिकडे न होता बसला. दोन्ही रूळ भेटले. क्षणभर सगळे बघत राहिले. तेवढा एक क्षण मलाही आशा वाटली, हे कबूल करते.

"या कागदाचा क्रमांक काय?" इकडचे साहेब म्हणाले.

"क्रमांक नाही, साहेब."

"आणि शाई काळी का? आपली निळी असते."

"आमची हिरवी," तिकडचे साहेब म्हणाले.

"नदी दोघांच्याही हद्दीत नाही, म्हणून काळी घेतली."

"नदी आमची नाही असं कोण म्हणतो?" दोघे साहेब एका सुरात ओरडले.

पुढची चाळीस मिनिटं नदी कोणाची यावर गेली. शेवटी मी बाकावरून म्हटलं, "अहो, नदी राहू द्या, पूल बघा!" दोन्ही घंटा वाजल्या. मग ठराव आला, क्रमांक नसलेला कागद भिंतीवरून काढावा आणि मधल्या मोकळ्या जागेसाठी उपसमिती नेमावी. बावीसच्या बावीस हात वर गेले. अकरा वर्षांतला पहिला एकमुखी निर्णय म्हणून त्यांनी टाळ्याही वाजवून घेतल्या.

भावाला पट्टा काढायला सांगितलं. बाजूचे नकाशे फाटू नयेत म्हणून तो नखाने हळूहळू चिकटपट्टी सोडवत होता. त्याला धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर विचारलं, "आता?"

"अठ्ठावीस वर्षं हद्द पाळली, ताई."

"पाळलीस. पुढे बोल."

त्याने पट्टा गुंडाळून काखेत घेतला आणि नदीकडे चालू लागला. वार बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी त्याने तिकडून पाठवलेला राजीनामा मीच कचेरीत पोचवला. समास आखून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला. टेबलाच्या खणातून त्याचा जेवणाचा डबा घेतला. साहेब म्हणाले, "असं कसं? आता आमचे नकाशे कोण पुरे करणार?"

"आजवर कोण करत होतं?" मी म्हटलं आणि जिना उतरले.

दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. तिथे तो शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. मुलं कागदाबाहेर टेबलावर रंगवतात, अशी त्याची तक्रार आहे. सोमवारी सकाळी उपसमितीचं पत्र आलं. संदर्भासाठी सदर पट्टा पाठवावा, सोबत अर्ज दोन प्रतींत, एक निळ्या शाईत, एक हिरव्या.

त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि हात पेनाकडे गेला. हा माणूस सुधारायचा नाही.

"खबरदार!" मी म्हटलं.

भावजय उठली. तिने स्वयंपाकघरातला खण ओढला आणि चमचे उचलून बाजूला ठेवले. तळाशी पट्टा अंथरलेला होता. पुलावर चहाचा गोल डाग पडला होता.

त्याने चष्मा काढला. मग पत्र त्या पट्ट्यावर ठेवलं, कडेला कड जुळवून, आणि चमचे वर मांडले.

"बशा घ्या हो," ती म्हणाली. "तीन."