रेश्माला आमचं अ‍ॅप कसं ऐकू आलं

मंडळी, आज ऑफिसात जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाहीये.

जळगावात मेहरूणला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. केळीचे ट्रक कुठे पोहोचले हे व्यापाऱ्यांना दाखवणारं अ‍ॅप आम्ही बनवतो. आज सावद्याची रेश्मा डेव्हलपर म्हणून रुजू झाली. तिला दिसत नाही. कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो आणि ते ऐकून ती कोड लिहिते.

मी तिचा इअरफोन कानाला लावून पाहिला. आवाज इतका भरभर की एक शब्द कळेना.

"भाऊ, हळू करू का?" ती हसली.

मग तिने आमचं अ‍ॅप उघडलं. आवाज आला, "बटण. बटण. बटण." आम्ही एकाही बटणाला वाचता येईल असं नावच दिलं नव्हतं!

"अब्बा केळीचे व्यापारी, हेच अ‍ॅप वापरतात. मला मात्र दरवेळी त्यांनाच विचारावं लागतं," ती म्हणाली आणि कामाला लागली. बोटं थांबतच नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक बटण बोलू लागलं.

तिने लगेच घरी फोन लावला. "अब्बा, गाडी बुऱ्हानपूर पहुंच गई. मैंने खुद देखा."



तुम्ही रोज वापरता ते अ‍ॅप डोळे मिटून कधी ऐकलंय का?