आडनावाची चौकट

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं, त्या वर्षांत मी चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही कॉम्प्युटर जोडून कारखान्यांना विकायचो. पण विकून काम संपायचं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम यायची पंधरा-वीस फ्लॉप्यांवर. ती मशीनमध्ये भरताना पडद्यावर इंग्रजीत काहीबाही प्रश्न यायचे, गिऱ्हाईक घाबरायचं आणि आमचा माणूस वाळूजला नाहीतर जालन्याला पळायचा. शेवटी मालक वैतागले. "हे पडदे असे कर, की कुणीही एकट्यानं फ्लॉप्या भराव्यात," मला म्हणाले.

मी नवा इंजिनिअर, डोक्यात हवा. वहीवर एकेक पडदा आखला. एका पडद्यावर एकच प्रश्न, तोही मराठीत. तिसऱ्या पडद्यावर माझी खास करामत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन चौकटी. त्या भरल्या की मोठ्या अक्षरांत पूर्ण नावानं स्वागत. तिन्ही भरल्याशिवाय पुढं जाताच येत नसे. का? मशीनचं त्यावाचून काही अडत नव्हतं. मला ते रुबाबदार वाटलं, बस्स.

चाचणीची सुरुवात स्टोअरकीपरपासून केली. तो फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचा. मी शेजारी बसून समजावत गेलो, तो प्रत्येक वाक्याला "व्हय साहेब, कळलं" म्हणत गेला आणि मी उठल्यावर फ्लॉपी उलटी घालून बसला. साहेबाला नाय कसं म्हणायचं! तेव्हा मी नियम केला, की चाचणी चालू असताना आपण तोंड उघडायचं नाही, नुसतं वहीत टिपायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या टायपिस्ट बाईंना बसवलं. सहा महिन्यांपूर्वी त्या करमाडच्या पुढच्या एका खेड्यातून आल्या होत्या. आमच्या हेडक्लार्कच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. हेडक्लार्क आमच्यासारखेच भटाबामणाचे, सोवळंओवळं पाळणारे. बाईंनी त्यांना, अगदी हजेरीपटावरसुद्धा, स्वतःचं आणि वडिलांचं नाव तेवढं सांगितलं होतं, आणि वडिलांच्या नावालाच ते आडनाव समजून बसले होते. हे मला नंतर कळलं.

पहिले दोन पडदे बाईंनी झरझर ओलांडले. तिसऱ्यावर नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं आणि थांबल्या. तिसरी चौकट रिकामी ठेवून पुढचं बटण दाबलं. मशीन ओरडलं: आडनाव भरा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मागं चार-पाच जण गंमत बघायला जमले होते, त्यांत हेडक्लार्कही. बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं.

आणि मी माझाच नियम मोडला. "अहो, स्वतःचं आडनाव विसरलात की काय?"

सगळे खो खो हसले. अरे मूर्खा, ती बाई तुझ्याकडं काय मागत होती ते तुला दिसलं नाही?

खोटं आडनाव लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी खरंच लिहिलं, एकेक अक्षर दाबत. मशीननं ते पडदाभर झळकवलं. आडनावावरून जात ओळखायला आमच्या शहरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं, त्या दिवसांत तर नाहीच नाही. त्या दलित आहेत हे सगळ्यांना कळलं. हेडक्लार्क चष्मा पुसत निघून गेले.

बाईंनी उरलेल्या सगळ्या फ्लॉप्या एकही चूक न करता भरल्या. मी वहीत लिहिलं, "तिसऱ्या पडद्यावर उशीर, कारण घबराट." मालकांनी माझी पाठ थोपटली.

चार दिवसांनी हेडक्लार्कनी त्यांना खोली सोडायला सांगितलं. म्हणे, भाचा शिकायला यायचाय. कसला भाचा न् कसलं काय! काम सुटल्यावर बाई खोल्या शोधत हिंडायच्या. दार उघडलं की पहिला प्रश्न आडनावाचा, आणि आता त्या ते सरळ सांगत होत्या. ओळखीच्या वस्तीत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही तर वडील न्यायला येणार होते. गावाहून सकाळची एसटी वेळेत पोचत नसे, म्हणजे नोकरीच सुटणार.

एके दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, तुमच्या घरी मागची खोली मोकळी आहे, असं ऐकलं. माझं आडनाव तर तुम्हाला माहीतच आहे. जमेल का?"

"आईला विचारून सांगतो," मी म्हणालो.

घरी आम्ही दोघंच होतो, आई आणि मी. जेवताना विषय ओठावर आला आणि मी तो भाताबरोबर गिळला. आई नाही म्हणेल याची भीती नव्हती मला. ती हो म्हणाली असती तर गल्लीला तोंड मला द्यावं लागलं असतं, याची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, "आई नको म्हणतेय हो. जुन्या वळणाची आहे."

"असू द्या साहेब. त्यांचं वयच तसं," त्या म्हणाल्या. उलट त्यांनीच माझी समजूत काढली! महिनाअखेरीस वडील ऑफिसखाली आले, बाईंनी सकाळीच आणून ठेवलेली ट्रंक उचलली आणि दोघं स्टँडकडं गेले. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत उभा राहिलो, खाली उतरलो नाही.

आईला हे सांगायला मला वीस-बावीस वर्षं लागली. ती गवार निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"हो म्हटलं असतं की नाही, मला तरी काय ठाऊक," ती म्हणाली. "पण कुठल्या तरी पोरीच्या मनात मी इतकी वर्षं वाईट होऊन बसलेय, आणि मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही रे."