प्लॅस्टिकात गुंडाळलेली खुर्ची

पुष्पांजली कापगतेचं डोकं तापलं की ती हळू बोलते. देवरी तालुक्यात बारा वर्षं ती कंत्राटी विशेष शिक्षिका आहे. दिव्यांग पोरांना चार पोरांसारखं वर्गात कसं बसवायचं, हे मुख्याध्यापकांना शिकवणं तिचं काम. शिकवून शिकवून तोंड दुखलं बिचारीचं, पण यांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

परवाच्या प्रशिक्षणात भोजराज डोंगरवार गुरुजी ताठ उभे राहिले. "आमच्या शाळेत एकच दिव्यांग पोरगी, गुंजन. तिचं घरूनच शिक्षण लावून टाकलं. लेकराले तरास कायले?"

चाळीस मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. कौतुक कशाचं, तर पोरगी दोन वर्षं शाळेत आली नाही याचं.

"अन् तिच्यासाठी शाळेत आलेली सरकारी चाकाची खुर्ची?" पुष्पांजलीनं हळूच विचारलं.

"एकदम सेफ आहे, मॅडम. कुलपात ठेवली. प्लॅस्टिकबी काढलं नाही. खराब झाली तं तपासणीत मलेच विचारतीन."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अन् राग काही एकट्या गुरुजींवर नव्हता. घरून शिक्षणाच्या त्या कागदावर सही तिचीच होती. गुरुजी म्हणाले, पोरगी येऊ शकत नाही. हिनं गुंजनच्या घरी न जाताच सही ठोकली होती.

तिनं लॅपटॉप मिटला. "चहा गुरुजींच्या शाळेतच घेऊ. दोनच किलोमीटर आहे." सगळे कुरकुरत मोटारसायकलींवर निघाले.

पुष्पांजलीचा निरोप मिळताच गुंजनची आई नंदाबाई लेकीला पाठीवर घेऊन आली. "मी तं रोज आणून देतो म्हणलं होतं," ती म्हणाली. "गुरुजीच म्हणाले, तकलीफ कायले करता."

कुलूप निघालं, प्लॅस्टिक फाटलं. गुंजन खुर्चीत बसली, तर गुडघे पोटाशी आले. माप सहाव्या वर्षी घेतलेलं, पोरगी आता आठची.

"लहान झाली, मॅडम," गुंजन म्हणाली.

"नवीन मागवतो," गुरुजी पुटपुटले. "तोवर घरी..."

"तोवर तुमची," पुष्पांजली म्हणाली. अन् ऑफिसातली गुरुजींची गोल फिरणारी, हातांची, चाकाची खुर्ची तिनं स्वतः ओढत बाहेर आणली. गुंजनला तीत बसवलं. चौघा मुख्याध्यापकांनी ती उचलून उंबरठ्यापलीकडे, तिसरीच्या वर्गात नेली.

वर्गाच्या बाईंनी हजेरी घेतली. पटावर नाव दोन वर्षांपासून होतंच. 'हजर' म्हणायला गुंजन त्या दिवशी पहिल्यांदा आली होती.

पुष्पांजलीनं ऑफिसात जाऊन आपली जुनी सही रद्द करायचा अर्ज लिहिला अन् सहीसाठी गुरुजींपुढे सरकवला. गुरुजींनी उभ्यानंच सही केली. बसायला खुर्ची नव्हती.