रुमाल बंद झाला तेव्हा

कापसाचा ढीग दुपारपर्यंत विकला जातो. किश्श्यांचा ढीग मात्र मोंढ्याच्या बाजारात तसाच पडून राहतो, वर दरवर्षी भर! मी मानवतला एका आडतीवर, म्हणजे दलालीवर शेतमाल विकून देणाऱ्या पेढीवर, मुनीम होतो. आमचे मालक बापूराव बोलताना फार अडखळायचे. त्यांचं "बसा" म्हणून होईपर्यंत गिऱ्हाईक बसून, पाणी पिऊन मोकळं! पण तेव्हा सौदा तोंडाने होतच नसे. रुमालाखाली व्यापारी बोटं दाबून भाव सांगत आणि त्यातला सगळ्यात चढा भाव बापूराव शेतकऱ्याच्या हातात तस्सा दाबत. रुमालाखाली त्यांच्यासारखा वक्ता नव्हता.

*

एकदा हैदराबादचा एक व्यापारी आला. मला हळूच विचारतो, "ये साहब गूंगे हैं क्या?"

"हात तर द्या," मी म्हणालो.

पाच मिनिटं रुमाल नुसता हलत होता. त्या गृहस्थाला घाम फुटला. शेवटी हात बाहेर काढून म्हणाला, "मियाँ, गूंगे तो हम हो गए!" माल बापूरावांच्याच भावाने गेला.

*

ही खोड घरातही शिरली. मुलीच्या लग्नात वऱ्हाड किती येणार, हे त्यांनी व्याह्यांचा हात उपरण्याखाली धरून विचारलं. व्याहीही आडतवालेच! त्यांनी पाच बोटं दाबली. मालकांनी पन्नास माणसांचा स्वयंपाक केला. आले पाचशे!

मालकीणबाई म्हणाल्या, "एक डाव तोंड उघडलं असतं तर काय झिजलं असतं का?"

*

निजामी गेली आणि काही वर्षांनी उघड्या लिलावाचा नियम आला. बाजाराचे नवे निरीक्षक घंटा घेऊनच हजर झाले. "आठव्या दिवसापासून रुमाल बंद! आडत्यानं प्रत्येक बोली मोठ्यानं पुकारायची. त्या दिवशी ज्याला जमणार नाही, त्याचा परवाना रद्द!"

शेजारचा आडत्या गालात हसला. आमच्या दुकानात त्या दिवशी चहा आला आणि तसाच गार झाला.

*

सात दिवस दुपारची गोदामाचं दार लावून तालीम चालली. मी व्यापारी, मालक आडत्ये. आणि गंमत बघा, कापसासमोर गडी खडखडीत बोलायचा! "तीस... सव्वातीस... बत्तीस!" मला वाटलं, जिंकलो! मी दार उघडलं. दोन हमाल आत डोकावले आणि मालकांची जीभ टाळ्याला चिकटली.

"दि... दिगंबर, का... कापूस ऐकून घेतो रे. मा... माणसं न्हाई."

एरवी कशालाही फिदीफिदी हसणारा मी, पण तेव्हा हमालांना पिटाळून दार पुन्हा लावून घेतलं.

*

आठवा दिवस. पहिलाच ढीग चारठाणा गावच्या सत्तरीतल्या शेतकऱ्याचा, रामजीबुवांचा. घंटा झाली. एका व्यापाऱ्याने बत्तीसची बोली दिली. पुकारायला बापूरावांनी तोंड उघडलं. "ब... ब..."

पुढे काही येईना. निरीक्षकांनी घड्याळ काढलं. व्यापारी पुढच्या ढिगाकडे सरकायला लागले. शेजारचा आडत्या टपलेलाच होता. "व्हा बाजूला, मी पुकारतो!" मी मान खाली घातली. भित्रा लेकाचा मी, दुसरं काय!

तेवढ्यात रामजीबुवा आपल्याच कापसाच्या ढिगावर चढून मांडी घालून बसले.

"बुवा, उठा, वेळ होतोय," निरीक्षक म्हणाले.

"म्या न्हाई उठत. माझा माल बापूरावच इकतेल."

"अहो, पण त्यांना बोलता येत नाही!"

"बारा वर्सं झाली, सायेब. ह्या मानसानं माझ्या हाताला कदी खोटं सांगितलं न्हाई. आज तोंडानं सांगायलाय, तर जरा येळ लागंल. मला कुठं घाई हाय?"

निरीक्षकांनी घड्याळ खिशात ठेवलं. सरकलेले व्यापारी एकेक करून परत फिरले. बापूरावांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.