प्रॉम्प्टर गोकुळदासाचं सातवं प्रकरण

गोव्यातल्या लाटंबार्से गावी आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं, आणि तीस वर्षं त्यातला राक्षस मी. तोंडाला, हातांना काळा रंग फासून मी प्रवेश केला की पुढच्या रांगेतली मुलं किंचाळत आईच्या कुशीत शिरायची. टाळ्यांपेक्षा मला ते किंचाळणं गोड लागे.

विंगेत वही घेऊन बसायचा गोकुळदास, आमचा प्रॉम्प्टर. काजूची बाग सांभाळणारा, हळू बोलणारा माणूस. त्याचा आवाज नटाला ऐकू यायचा, प्रेक्षकांना कधीच नाही.

एका वर्षी मये गावात खोली घेऊन राहणारा क्वामे नावाचा घानाचा विद्यार्थी नाटक बघायला आला. माझा प्रवेश झाला आणि कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवलं, "तो बघा दुसरो राकेस." मांडव हसला. लोकांनी अजून हसावं म्हणून मी त्याच्याकडे वळून डरकाळी फोडली. तो उठून गेला. आठवड्यात घरमालकाने त्याची खोली काढून घेतली. मुलं भितात म्हणे.

गोकुळदासने त्यावर सहा वर्षं कादंबरी लिहिली. रंगामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाकलला जाणारा तरुण, आणि सातव्या प्रकरणात आमचा मांडव. डरकाळी फोडणारा नट मीच होतो, फक्त नाव वेगळं.

पुस्तकाचं प्रकाशन आपल्याच देवळात व्हावं, एवढी एकच त्याची इच्छा. समितीचा अध्यक्ष रघुनाथ म्हणाला, "गोकुळदासबाब, सातवं प्रकरण काढा. नाहीतर दत्तप्रसादबाबांची परवानगी आणा." दत्तप्रसाद म्हणजे मी, आणि मी ती देणार नाही, याची त्याला खात्री होती.

गोकुळदास कादंबरीची वही घेऊन माझ्या घरी आला. "वाच. तुका राग येतलो. पण ह्यां काढलां तर बाकीचा सगळा खोटा."

राग आलाच. तिसऱ्या दिवशी बागेत गाठून विचारलं, "एवढा वाईट अभिनय केला मी?"

"अभिनय बरो होतो रे. त्यातच तर घात झालो."

मी तसाच रघुनाथकडे गेलो. "परवानगी कसली मागता? ते प्रकरण मीच वाचणार."

प्रकाशन संध्याकाळी पाच वाजता झालं. मांडव भरलेला. धुतल्या तोंडाने मी उभा राहिलो. डरकाळीपर्यंत नीट आलो आणि तिथे माझा आवाज बसला. इतक्या वर्षांत रंगमंचावर असं कधी झालं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत गोकुळदास होता. मान वर न करता, नेहमीच्या हळू आवाजात त्याने पुढचं वाक्य दिलं, "तो उठला, आणि त्याला थांबवायला कुणीच उठलं नाही."

समोर माईक होता. गोकुळदासचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा गावाने ऐकला. त्याच्यामागून ते वाक्य मी मोठ्याने म्हटलं.

पुढच्या उत्सवात काळ्या रंगाची डबी पेटीतून बाहेर निघालीच नाही. प्रॉम्प्टर मात्र तोच. रघुनाथने पत्रिकेत त्याच्या नावाआधी छापलं होतं, 'आमच्या गावचे कादंबरीकार'.