अनघाने सोडलेल्या गाड्या

अनघाची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाचावर धारण बसली होती. मागे पोलिसांचे निळे दिवे लागले की हात दिसतील असे ठेवायचे आणि हलायचं नाही, हे मी अमेरिकेत आल्या आल्या शिकलो होतो. ती वेळ येऊ नये म्हणून इतकी वर्षं गाडीही जपून चालवत होतो. खिडकीशी एक उंच मुलगी वाकली. कमरेला पिस्तूल. तिने माझं लायसन्स घेतलं, नाव वाचलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जोगळेकर? काका, तुमचा ब्रेक लाइट गेलाय. आणि जरा ब्रीद करा, प्लीज."

मराठी ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच घाम फुटला, कारण पोलिसांनी आपल्याला अडवलं ही बातमी आता मराठी मंडळात फिरणार, हे पहिल्यांदा मनात आलं. मी मुळातच भित्रा माणूस. ते तिने तिथेच ओळखलं आणि पुढे कधीही त्यावरून मला सोडलं नाही. घरी आली की दारातूनच विचारायची, "काका, हात कुठे आहेत?"

अनघा इथेच जन्मलेली. आईवडील पुण्याचे, निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेले. मुलगी डॉक्टर होईल अशी त्यांची अपेक्षा, आणि ही आमच्या अल्फारेटा गावाच्या शेजारच्या एका लहान शहराच्या पोलिसात भरती झाली. मंडळाच्या गणपतीत बायका तिची ओळख करून देताना "ती गव्हर्नमेंटमध्ये असते" एवढंच म्हणत. ती हसून मोदकांच्या रांगेत उभी राहायची. माझी बायको विद्या आणि तिचं विशेष जमलं. अनघा येणार असली की विद्या साबुदाण्याची खिचडी करायची आणि अनघा ती कढईतूनच खायची.

पुढे ती लेफ्टनंट झाली. तिच्या कामाच्या पाळीत शहरात कुठेही गाडीचा पाठलाग सुरू झाला, तर तो चालू ठेवायचा की सोडायचा हे तिने रेडिओवर ठरवायचं. ती बहुतेक वेळा सोडायची. तिच्या हाताखालचे पोलीस तिला पाठीमागे 'मिस कॅन्सल' म्हणत, आणि ते तिनेच आम्हाला सांगितलं होतं. "गाडीला नंबर असतो, काका," ती म्हणायची. "आणि माणूस शेवटी घरीच जातो. सकाळी जाऊन दार वाजवायचं. त्यासाठी रस्त्यावरच्या लोकांना कशाला मध्ये घ्यायचं?"

एकदा विद्याच्या आग्रहाखातर मी तिच्या पोलीसगाडीत बसून फिरलो. इथे सामान्य नागरिकाला अर्ज करून तसं बसता येतं. ज्याला हौस असते तो बसतो. मी बायकोने पाठवलं म्हणून बसलो. दुपारची वेळ होती, शाळा सुटत होत्या. अचानक रेडिओवर एका तरुण पोलिसाचा आवाज आला. त्याने एका गाडीला थांबायला सांगितलं होतं आणि ती पळाली होती. त्याच्या सायरनचा आवाज रेडिओतून येत होता आणि थोड्या वेळाने बाहेरूनही यायला लागला. अनघाने दोनच प्रश्न विचारले, गाडी कशासाठी थांबवत होतास आणि आत कोण आहे. मग पाठलाग सोडायचा हुकूम शांतपणे दिला, "टर्मिनेट." त्याने कुरकुर केली. तिने तोच शब्द पुन्हा त्याच आवाजात म्हटला. सायरन बंद झाला.

मग तिने गाडी एका दुकानासमोर लावली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता.

"तुला भीती वाटते?" मी विचारलं.

"रोज. ज्याला वाटत नाही ना, त्याच्या गाडीत मी बसत नाही." मग म्हणाली, "सोडलेली गाडी पुढे जाऊन काही करेल, हेपण माझ्याच डोक्यावर असतं, काका. म्हणजे दोन्हीकडून माझंच."

त्या दिवशी घरी येऊन मी विद्याला सांगितलं की ही मुलगी माझ्याहून भित्री आहे, फक्त तिला ते वापरता येतं. मला तिचा फार अभिमान वाटला होता.

माझ्या ऑफिसातल्या मंदारचे आईवडील गेल्या वर्षी नागपूरहून आले होते. वसंतराव आणि सुमनताई. इथे आलेले आईवडील संध्याकाळी फिरायला निघतात तसे तेही निघत. सुमनताई साडीवर मंदारने घेतलेले पांढरे बूट घालून, वसंतराव एप्रिलातसुद्धा कानटोपी घालून. मला फुटपाथवर दिसले की मी काच खाली करून नमस्कार करायचो. एका संध्याकाळी चोरीची गाडी घेऊन एकजण पोलिसांपुढे पळत होता. वळणावर त्याचा ताबा सुटला आणि गाडी फुटपाथवर चढली. वसंतराव जागच्या जागी गेले. सुमनताईंना नुसतं खरचटलं.

पाळी अनघाची होती.

मंडळात त्यानंतर जे चाललं ते मला ऐकवत नव्हतं. कुणी म्हणे दोष चोराचा, त्यानेच मारलं. कुणी म्हणे पोलीस मागे लागले नसते तर तो एवढा वेगात कशाला गेला असता. शहराने निवेदन काढलं की गाडीत मागे लहान मुलाची सीट दिसल्यामुळे मुलाच्या जिवाला धोका असावा असं वाटलं, म्हणून पाठलाग केला. मूल नव्हतं हे नंतर कळलं, असंही त्यात होतं. मंदारच्या वकिलाने त्याला सांगितलं की चोराकडे इन्शुरन्सही नाही आणि शहर म्हणणार, आमची गाडी तर तुमच्या वडिलांना लागलीच नाही. सगळे बोलत होते आणि जो तो जबाबदारी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवत होता. मी कुणाच्याच बाजूने तोंड उघडलं नाही. अनघाला ओळखतो हे मंदारला कळलं तर काय, या भीतीने मी ऑफिसात त्याच्या टेबलासमोरून जाणंही टाळत होतो.

मग तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "काका, मला त्यांच्या घरी भेटायला जायचंय. आपण जातो ना, तसं. पण मला माहिती नाही ते कसं करतात. तुम्ही चलाल?"

शहराच्या वकिलाने तिला बजावलं होतं की त्या कुटुंबाशी संपर्क ठेवायचा नाही आणि 'सॉरी' तर मुळीच म्हणायचं नाही; म्हटलं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरतील. मी तिला परोपरीने समजावलं. नोकरी जाईल, कोर्टात उभं करतील, मंदार हात उचलेल. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आई सांगायची की अशा वेळी जाऊन नुसतं बसायचं असतं, बोलायचं काही नसतं. मग वकिलाला काय प्रॉब्लेम आहे? मी नुसती बसते."

गाडीत तिने मला एकेक विचारून घेतलं. काळे कपडे चालतील ना? मी म्हटलं, नको, साधे फिकट घाल. फुलं न्यायची का? नाही. चहा दिला तर? नको म्हणायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही, मुकाट्याने उठायचं. ती प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती आणि सीटबेल्ट मुठीत घट्ट धरून बसली होती. मंदारच्या दारात उभं राहिल्यावर मला मनापासून वाटलं की आत कुणी नसावं.

दार सुमनताईंनीच उघडलं. मंदार आणि त्याची बायको अस्थी भारतात न्यायच्या परवानगीसाठी बाहेर गेले होते. दोन दिवसांनी सगळे नागपूरला निघणार होते. मी म्हणालो, "ही अनघा."

"पोलिसातली?" सुमनताईंनी विचारलं.

"हो, काकू."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "बसा."

आम्ही बसलो. अनघा खाली मान घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मला वाटलं, निभावलं. आणखी थोडा वेळ, मग उठायचं. तेवढ्यात सुमनताई आपल्याशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या.

"रोज आम्ही तळ्याकडून जायचो. मला कुत्र्यांची फार भीती. त्या दिवशी तिकडे दोन मोठी कुत्री होती. मीच म्हटलं यांना, आज मोठ्या रस्त्याने जाऊ. ते नाही म्हणत होते, तिकडे गाड्यांचा आवाज असतो म्हणत होते. मीच हट्ट केला. मंदारला अजून सांगितलं नाही मी. कसं सांगू? माझ्या भित्रेपणाने गेले ते."

अनघाने मान वर केली. मी तिच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा बघून मला कळलं होतं की आता ही गप्प बसणार नाही.

"काकू, तसं नाहीये," ती म्हणाली. "मी सांगते. सीट दिसली तेव्हा मी पाठलाग चालू ठेवला, ते खरं आहे. पण मग दुसऱ्या ऑफिसरने शेजारून बघितलं आणि मला रेडिओवर सांगितलं, सीट रिकामी आहे, मूल नाहीये. हे आधीच कळलं होतं मला. तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. मी नेहमी थांबवते. त्या दिवशी वाटलं, आता पकडतोच आहोत, अजून थोडं. त्या थोड्या वेळात तो तुमच्या रस्त्यावर आला. तुम्ही कुठून चालत होतात त्याने काही झालेलं नाही. तो माझ्यामुळे तिथे आला."

सुमनताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तुझ्या हातात होतं?"

"हो, काकू. माझ्या हातात होतं."

"माझ्या नव्हतं?"

"नाही."

गाडीची किल्ली हातात घेऊन मी अर्धवट उठलो. सुमनताईंनी मला हातानेच बसायची खूण केली. "मंदार येईपर्यंत थांब," त्या अनघाला म्हणाल्या. "हे त्याच्यासमोर सांग. मी सांगितलं तर त्याला वाटेल, आई उगाच स्वतःची समजूत घालतेय."

त्या घरात मंदारची वाट बघत बसणं, याहून जास्त भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. अनघालाही वाटत होती. पण ती उठली नाही. गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला, मंदार आत आला, आणि तिने उभं राहून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. मंदार ओरडला नाही. आईकडे बघितलं, मग अनघाला म्हणाला, "प्लीज, आता निघा." ती मुकाट्याने बाहेर पडली. गाडीत मी नुसता तिच्या शेजारी बसून राहिलो.

पुढे तेच तिने वकिलांसमोर शपथेवर सांगितलं. तिला आधी गस्तीवरून काढून ऑफिसातल्या कागदी कामाला बसवलं, मग राजीनामा द्यायला सुचवलं. तिने दिला. मंडळातल्या काहींनी तिला मूर्ख म्हटलं, काहींनी खुनी. केस अजून चालू आहे. चोराचा दोष किती, शहराचा किती, याचे वकील वाटे पाडताहेत. आपला वाटा तिने केव्हाच उचलला. ती दूर उत्तरेला ईडन प्रेरी गावी निघून गेली, एका गोदामात सुरक्षेचं काम बघते. सामान भरायला मी गेलो होतो. ट्रकमध्ये चढण्याआधी तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "काका, हळू चालवा." हसली नाही.

परवा नागपूरहून सुमनताईंचा फोन आला होता. वर्षश्राद्ध झालं, म्हणाल्या. मंदारची आणि त्याच्या घरच्यांची विचारपूस झाली. मग म्हणाल्या, "त्या मुलीला सांगा, मला झोप लागते आता. आणि तिला लागते का, ते विचारा."

निरोप मी त्याच दिवशी पोचवला. प्रश्न अजून विचारलेला नाही. ती खरं सांगेल, याची मला भीती वाटते.