चांगुणाबाईंचा नाट

चांगुणाबाई पाहुण्याला पाणी देत, पण हातातला तांब्या सोडण्याआधी विचारत, "तुमच्याकडं पाणी कुठून येतं?"

हरसूलच्या पुढच्या त्यांच्या पाड्यावर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सरकारी पाणीपुरवठा खात्यातला तरुण अभियंता होतो. नाशिकहून आलो होतो. म्हणालो, "नळातून."

"आन् दूध पिशवीतून?" त्या एवढ्या हसल्या की तांब्यातलं पाणी सांडलं. "नळात कुठून येतं?"

"धरणातून."

"धरणात कुठल्या डोंगराचं येतं?"

मला सांगता येईना. "पाण्याचा सायेब, आन् पाण्याचं माहेर ठावं नाय," असं म्हणत त्यांनी तांब्या दिला.

पाड्याच्या वरच्या अंगाला एक झरा होता. काळ्या कातळावरून करंगळीएवढी धार यायची. उन्हाळ्यात बायका वाटीवाटीने हंडे भरायच्या. तो सुरुंग लावून खोल करायचा, म्हणजे पाणी साठेल, अशी योजना मी आखली. चांगुणाबाई कातळावर फतकल मारून बसल्या.

"सायेब, डोंगर पाणी पितो आन् या कातळावर धरून ठेवतो. हे डोंगराच्या मडक्याचं बूड हाय. मडकं खोल करायला बूड फोडतं का कोणी?"

"बाई, मी हे शिकलोय."

"मग शिकवणाऱ्याच्या घरची मडकी बघून या."

सगळे हसले. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी सुरुंग लावला.

तीन दिवस गढूळ पाणी आलं. चौथ्या दिवशी कातळ कोरडा पडला. फुटलेल्या भेगांतून पाणी खाली उतरलं आणि थेट दरीतल्या ओहोळात निघालं. बायकांना आता दरी उतरून, भरला हंडा डोक्यावर घेऊन चढून यावं लागे. तिथेच कोणीतरी म्हणालं, "चांगुणाबाईनं आधीच तोंड उघडलं. तिचाच नाट लागला." मी शेजारीच उभा होतो. हो म्हणालो नाही; नाहीही म्हणालो नाही. अहवालात लिहिलं, 'नैसर्गिक कारणाने झरा आटला.' अक्षर माझं, सही माझी.

पुढे लग्नाची बैठक असो की शेळीची खरेदी, चांगुणाबाई दिसल्या की लोक विषय बदलत. त्यांनी मात्र माझा पिच्छा सोडला नाही. "सायेब, ती पाण्याची नळी घेऊन या. लेव्हल धरायची हाय." झऱ्याच्या वर, डोंगराच्या माथ्यापासून खाली, आडवे चर खणायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता मुरेल. तीन जावा हाताशी, आणि रविवारी मी. माझ्या तळहातांना फोड आले की त्या जावांना बोलावून दाखवत. "बघा गं, कागदावर लिहून लिहून आले!"

पाच-सहा पावसाळ्यांनी जुन्या जागेपासून थोडं बाजूला, न फुटलेल्या कातळावर, ओल दिसली. मग धार आली. नाशिकला माझा सत्कार झाला. चर ही माझी कल्पना, असं भाषणात सांगितलं गेलं. मी शाल घेतली आणि घरी आलो.

निवृत्तीनंतर ते सगळं झोप लागू देईना. दोन वर्षांपूर्वी पाड्यावरच्या सभेत मी उभा राहिलो. "झरा मी फोडला. चांगुणाबाईंचा काही दोष नाही. चरसुद्धा त्यांचेच."

चांगुणाबाई ओरडल्या, "सायेब म्हातारा झालाय! उन्हाचा आलाय, काय बी बरळतो. पाणी द्या रे त्याला!"

सगळे खो-खो हसले. बाहेर आल्यावर त्यांनी माझी बाही धरली.

"कशाला बोललात?"

"इतकी वर्षं तुमच्यावर आळ…"

"मागल्या साली बोअरची गाडी आली. झऱ्याच्या डोक्यावर भोक पाडणार होते. मी जाऊन नुसतं म्हणलं, 'पाडा बाबांनो, बघू काय होतं.' गाडी आली तशी परत गेली! माझ्या नाटावर डोंगर उभा हाय, आन् तुम्ही तोच काढून घ्यायला निघाले?"

"पण तुमची बदनामी?"

"तिच्यानं माझा हंडा कमी भरला का?" मग माझी बाही सोडून हळूच म्हणाल्या, "तुम्ही पयल्या साली बोलायचं होतं, सायेब. तवा लय लागलं होतं."



यंदा होळीनंतर चांगुणाबाई गेल्या. महिन्याभरात पाड्यावरून फोन आला. नवा झरा सुरुंग लावून मोठा करायचा आहे, सल्ला द्या. "आता आडवं येणारं कोणी नाही, सर," फोनवरचा मुलगा उत्साहाने म्हणाला.

मला कोणी भीत नाही. माझा नाट कोणाला लागत नाही. म्हणून हे लिहून पाड्यावर पाठवतो आहे, सभेत मोठ्याने वाचावं यासाठी. तो कातळ मी फोडला, त्या नको म्हणत असताना फोडला. आणि या वेळी मी म्हातारा झालोय, असं सांगून मला वाचवायला त्या तिथे नाहीत.